जपानी मालिका आणि बहिणीचं माप

त्या जपानी मालिकेबद्दल मला कुणी विचारू नये. विचारलंच तर स्टूल ओढून समोर बसावं, कारण माझं दोन वाक्यांत होत नाही. म्हैसूरला मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. मी कापतो, धाकटी बहीण शिवते. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि एकमेकांशी भांडताना दोन्ही. ब्लाउज टाकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुली अजून विचारतात, 'अंकल, ती सिरीज आवडली का हो?' पोरी चांगल्या आहेत, पण तो विषय निघाला की मी कात्री खाली ठेवतो. उगाच कुणाचं रेशीम वाकडं कापलं जायला नको.

मालिका सुचवली आमच्या समाजातल्याच एकाने. लांबचा नातेवाईक, कडकोळच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि विठ्ठलाच्या देवळात एकादशीच्या भजनाला पखवाज वाजवणारा. घरी जाताना बाइक आमच्या दारात लावायचा, स्टुलावर बसून कॉफी प्यायचा, माझ्याशी इकडचं तिकडचं बोलायचा. माझ्याशी बोलायचा आणि बघायचा तिच्याकडे. बहिणीने तिशी ओलांडली होती, दोन स्थळं तिने स्वतः मोडली होती, आणि ती कुणासाठी मोडली हे न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. आमच्यात मुलीकडच्यांनी आधी विचारायची रीत नाही. तरी मी विचारायला निघालोही होतो. तिने हात धरला.

"तू नको जाऊस, अण्णा. तो बोलेल."

"कधी?"

"बोलेल रे. स्वल्प थांब." स्वल्प म्हणजे थोडं. आमच्या म्हैसूरकडे या थोड्याला अंत नसतो.

मग दुपारी, गिऱ्हाईक नसलं की, तिने मशीनवर तेलाच्या कुपीला मोबाइल टेकवून ती मालिका लावायला सुरुवात केली. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. ती बी. कॉम. झालेली, भराभर वाचते. मी एक ओळ वाचेपर्यंत तिथे दुसरं कुणी बोलायला लागलेलं असतं, म्हणून ती मला हूक लावता लावता सांगायची. चाळिशी उलटलेला मी शिंपी, आणि दुपारी दोन वाजता कार्टून बघत बसलेला. माझी बायको शाळेत शिकवते. तिला कळलं तेव्हा ती आठवडाभर हसत होती.

गोष्ट अशी. समुद्रकाठचं एक लहान गाव. मावशीच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करणारी एक मुलगी. पलीकडच्या बेटावर नोकरीला जाणारा एक मुलगा, रोज संध्याकाळी बोटीने परत येणारा. त्याच्या कोटाचं बटण तुटतं, ती लावून देते. झालं. पुढचे चोवीस भाग त्या दोघांची एकमेकांना एक गोष्ट सांगायची राहून जाते.

मी अन्याय करणारा माणूस नाही. शिलाई वाईट म्हणून कापडाला शिव्या देऊ नयेत. चांगलं काय ते आधी सांगतो, आणि चांगलं खूप होतं. आपल्या सिनेमात शिंपी म्हणजे गळ्यात टेप अडकवलेला एक विदूषक. त्याला सुई कुठल्या बोटांत धरतात ते माहीत नसतं, आणि तो पायाने मशीन चालवतो तेव्हा चाक फिरतच नाही. इथे चित्र काढणाऱ्यांनी कुठल्या तरी दुकानात महिनोन्महिने बसून पाहिलं असणार. लोकरी कोट खाली ठेवला की कसा बसतो, सुती सदरा कसा पडतो, ओलं कापड दोरीवर कसं ओघळतं, सगळं बरोबर. जाड कापडात कात्री चालल्याचा आवाज वेगळा आणि अस्तरातला वेगळा, हे त्यांना ठाऊक होतं. गाणी ऊठसूट नाहीत. जेवायला बसली की माणसं खरोखर जेवतात. आणि ती मावशी! तिची नजर जात चाललेली. एक अख्खा भाग फक्त एवढाच, की मावशी सुईत दोरा ओवते आणि तो ओवला जात नाही, आणि भाची शेजारी बसून मदत करत नाही, कारण मदत केली तर मावशीला कळेल की भाचीला कळलंय. त्या भागात मी रडलो. खोटं कशाला बोलू?

म्हणून तर राग जास्त. ज्याला काही येत नाही त्याच्यावर कोण रागावेल? एवढी अक्कल असलेल्या माणसांनी त्या दोघांना मात्र मूग गिळून बसवलं होतं. तो बोलायला तोंड उघडतो आणि बोटीचा भोंगा वाजतो. पुन्हा उघडतो, पुन्हा भोंगा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी मोबाइलला कन्नडमध्ये शिवी दिली, आणि फॉल लावायला आलेल्या बाई दारातूनच परत गेल्या. अरे, गावात एकच बोट आहे ना? ती गेल्यावर बोल! इकडे ती मुलगी रुमाल शिवते, त्यावर कोपऱ्यात काहीतरी भरते, आणि तो रुमाल द्यायला निघते तेव्हा तो नेमका दुसऱ्याच मुलीशी बोलत उभा असतो. ती काही न विचारता परत येते. का? पाय मोडले होते का तिचे? चार पावलं पुढे जाऊन 'ही कोण?' विचारायला किती वेळ लागतो?

ती दुसरी मुलगी आखूड केसांची, मासळीच्या दुकानात कामाला. माझ्या मते सगळ्या गावात डोकं असलेली ती एकटी. तिने त्याला धक्क्यावर गाठून सरळ सांगितलं की तू मला आवडतोस. भोंगा नाही, काही नाही. आणि तो काय करतो? मान खाली घालतो, गप्प राहतो. पुढच्या भागात ती गाडीत बसून शहराला निघून जाते आणि मालिका तिचं नाव पुन्हा काढत नाही. जी बोलली तिला हाकलून दिलं, आणि जी गप्प बसली तिला नायिका केलं. मी भडकलो. बहिणीला म्हटलं, "बघ, काय शिकवतायत बघ पोरींना."

तिने मशीन थांबवलं होतं. मी म्हटलं, तो धक्क्यावरचा तुकडा परत लाव, मला त्याचं तोंड नीट बघायचंय. तर म्हणाली, "बेडा." नको. आणि पुढचा भाग लावला.

अशी आमची रोज भांडणं. आमचे वडील म्हणायचे, बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. ते मी तिला दहादा ऐकवलं. "एक वाक्य! ती मुलगी एक वाक्य बोलली असती तर मालिका दुसऱ्या भागात संपली असती."

"बोललं की संपतं, असं कोण म्हणालं तुला?"

"मग काय होतं?"

"काही नाही. तू कापड काप, अण्णा."

एकदा तो पखवाजवाला स्वतः स्टुलावर बसून एक भाग पाहून गेला. पाहून झाल्यावर म्हणाला, "काय संयम आहे ना दोघांत!" कपातली कॉफी संपवली, बाइकला किक मारली, गेला. मी बहिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला होता की माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

शेवट तर विचारूच नका. तो मुलगा दूरच्या शहरात नोकरीला जातो. पत्र नाही, फोन नाही. तीन वर्षांनी परत येतो, तर ती त्याच दुकानात, त्याच दिव्याखाली, कुणाच्या तरी विजारीची शिवण उसवत बसलेली. तो दारात उभा राहून ते एक वाक्य बोलतो. ती रडते, आवाज न करता, एक थेंब गालावर, तो थेंब काढायला चित्रकाराने किती दिवस घातले असतील देव जाणे. मग समुद्र, मग पडद्यावर नावं. तीन वर्षं त्या मुलीचं भिजत घोंगडं ठेवलं, आणि माफी नाही, जाब नाही, एवढंही कुणी विचारत नाही की बाबा रे, होतास कुठे? बहीण मात्र हुंदके देऊन रडत होती आणि हसत होती. "बोलला की नाही शेवटी? बोलला की नाही?" मला म्हणत होती, आणि मी तिच्याशी दिवसभर बोललो नाही.

दसऱ्याची गर्दी ओसरली आणि पखवाजवाल्याची आई, तिला आम्ही काकू म्हणतो, दुकानात आली.

इथे आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आमचा समाज शिंप्यांचा. आमच्यात सोयरिकीचं पहिलं बोलणं तोंडाने होत नाही, टेपने होतं. मुलाची आई साखरपुड्याच्या साडीचा ब्लाउज पीस घेऊन मुलीच्या घरी जाते आणि म्हणते, मुलीचं माप घ्या. माप घेतलं की घरातल्या सगळ्यांना कळतं. मग पुरुष मंडळी बसून उरलेलं ठरवतात. माझ्या बायकोचं माप माझ्या आईने असंच घेतलं होतं. काकू आल्या, स्टुलावर बसल्या, पिशवीतून पोपटी रंगाचं रेशमी कापड काढलं आणि बहिणीला म्हणाल्या, "साखरपुड्याचा आहे, पोरी. तुझ्याच मापाचा शिव. बाही कोपरापर्यंत, हूक पुढे." बाहेर रिक्षा उभी होती. एकादशीच्या आत पाहिजे एवढं सांगून त्या निघून गेल्या.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मी टेप उचलला तर म्हणाली, "माझं माप मला ठाऊक आहे." त्या कापडाला तिने मला हात लावू दिला नाही. स्वतः खडूने आखलं, स्वतः कापलं, अस्तर दोनदा धुऊन घेतलं. मी संध्याकाळी देवळात जाऊन आलो. वाटेत मला त्या मालिकेचासुद्धा राग येईनासा झाला होता. म्हटलं, असेल बाबा, एखाद्याची रीतच अशी असेल. बोलला नाही, पण आईला पाठवलं ना?

काकू परत आल्या तेव्हा ब्लाउज इस्त्री करून ठेवलेला होता. त्यांनी तो हातात घेतला, काजं पाहिली, मान डोलावली. "शिलाई तुझीच, पोरी, प्रश्नच नाही. फक्त बाही स्वल्प उसवून सैल कर. नरसीपूरच्या मुलीचे दंड तुझ्याहून भरलेले आहेत. तिकडून मापाचा ब्लाउज आणायचाच राहिला बघ. बाकी अंगाने अगदी तुझ्यासारखी, म्हणून म्हटलं तुझंच माप धर."

बहीण ब्लाउज परत घ्यायला पुढे झाली. काकूंनी कापड किती आहे ते बघायला ब्लाउज उलटा केला.

आता कुठलाही शिंपी दुसऱ्याचा ब्लाउज शिवताना आतल्या बाजूला कापड राखून ठेवतो. बाई उद्या जाड झाली, माप चुकलं, तर उसवून सैल करता यावं म्हणून. लहानपणी वडिलांच्या हाताखाली आम्ही पहिली गोष्ट शिकलो ती ही. या ब्लाउजला आत कापड नव्हतंच. अगदी शिलाईच्या कडेला कापलेलं, इतकं नेटकं की आतली बाजूही बाहेरच्यासारखी दिसत होती. असं माणूस फक्त स्वतःसाठी शिवतो. काकू शिंप्याची लेक, शिंप्याची सून. त्या उलट्या ब्लाउजाकडे त्या बघत राहिल्या, मग बहिणीकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला त्यांच्या. त्या बाईचा यात काडीचा दोष नव्हता, हे मला त्याच क्षणी दिसलं. त्यांना घरात कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

"होगली," एवढंच म्हणाल्या त्या. जाऊ दे. "मी बघते काय करायचं ते." ब्लाउज घडी करून पिशवीत घातला, बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पायरी उतरल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर रागावू तेच कळेना, म्हणून आधी तिच्यावरच ओरडलो. "बोल म्हणत होतो ना? रोज कानीकपाळी ओरडत होतो ना? मला जाऊ दिलं नाहीस, स्वतः तोंड उघडलं नाहीस. त्या कार्टूनमधल्या बाईसारखी बसून राहिलीस!"

"मी बोलले होते, अण्णा."

"काय?"

"बोलले होते. गौरीच्या सणाच्या आधी. देवळाच्या मागे, पखवाज पिशवीत भरत होता तेव्हा. सरळ सांगितलं त्याला, मला तुमच्याशी लग्न करायचंय."

मी स्टूल ओढून बसलो. "मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, घाई नको. मग दोन दिवसांनी ती मालिका पाठवली. म्हणाला, ही बघा, म्हणजे माझ्या मनातलं कळेल." ती मशीनच्या पाटावरचे दोऱ्याचे तुकडे एकेक करून उचलत होती. "मी शेवटपर्यंत बघितली ना. शेवटी तो बोलतो. मला वाटलं, हेच सांगतोय."

सांगा आता. रोज दुपारी मी तिच्यासमोर बसून काय काय ओरडत होतो ते मला आठवलं. पण स्वतःवर रागावत बसायला मला वेळ नव्हता. मी स्कूटरची किल्ली घेतली. तिने या वेळी हात धरला नाही. म्हणाली, "माझ्यासाठी मागायला जाऊ नकोस."

"मागायला नाही जात," मी म्हटलं.

कडकोळला जाताना नंजनगूडच्या रस्त्याला ट्रक फार. मी कसा गेलो ते मला सांगता येणार नाही. शिफ्ट सुटली, माणसं कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडायला लागली, आणि तो डबा हलवत हलवत आला. मला पाहून हसला. हसला! "अण्णा, तुम्ही इकडे?"

मी त्याला विचारलं. आडून आडून नाही, एकाच वाक्यात. माझ्या बहिणीने तुला विचारलं होतं, तू तिला उत्तर का दिलं नाहीस?

तो बावचळला नाही की चिडला नाही. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. डबा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, "मी तिला 'नाही' कुठे म्हटलं होतं, अण्णा? घरच्यांनी नरसीपूरचं बघितलं. तिकडे जमलं नसतं तर मी आलोच असतो की. ती काय, थांबणाऱ्यातली आहे."

आजूबाजूला माणसं होती. मी हात उचलला नाही. संस्कार वगैरे काही नव्हते त्यामागे. त्या गर्दीत तो नेम चुकून भलत्यालाच लागला असता. त्याला जे बोलायचं ते बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि त्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही.

परत येताना वाटभर मी ठरवत होतो की तिला काय सांगायचं. तो ओशाळला म्हणावं, की घरच्यांनी जबरदस्ती केली म्हणावं, की भेटलाच नाही म्हणावं. दुकान उघडं होतं. एक बाई लेकीला घेऊन काउंटरशी उभ्या होत्या, बहीण त्यांना गळ्याचे नमुने दाखवत होती. मला बघताच तिने ते खाली ठेवले. "काय म्हणाला?"

मी जसंच्या तसं सांगितलं. जमलं नसतं तर आलो असतो, हे सांगितलं. थांबणाऱ्यातली आहे, हेही सांगितलं.

ती रडायला लागली. एक थेंब वगैरे नाही. तोंड उघडं टाकून, नाक गळत, टेबलावर हात आपटत, लहान मूल बाजारात हरवल्यावर रडतं तशी ती रडली. शेजारचा भांडीवाला पायरीवर येऊन उभा राहिला. काउंटरजवळच्या बाई लेकीला घेऊन निघायच्या, तर तिथेच थांबल्या आणि आत येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

मी म्हटलं, "शटर ओढू का?"

"नको," ती रडता रडताच ओरडली. "उघडं राहू दे. ऐकू दे सगळ्यांना."